कापणीने कोरलेला देखावा

आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाने एक निसर्गचित्र काढलेले असते. दोन डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी नदी, काठावर एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात चार-पाच पक्षी. गाव काढायला सांगितले की हेच हाताला येते, मग मूल दादरला राहणारे असो की दारव्ह्याला. त्या झोपडीत कोण राहते, ते काय पिकवतात, नदीचे पाणी कोण भरते, हे चित्रात कधी येत नाही. मोठेपणी दिनदर्शिकेवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर जी ग्रामीण निसर्गचित्रे आपण पाहतो, त्यांतही फारसा फरक नसतो. तिथले गाव सुंदर असते आणि रिकामे असते. माणूस असलाच तर डोक्यावर घागर घेऊन पाठमोरा चाललेला, झाडाइतकाच शोभेचा.

हे पुस्तक एका चित्राबद्दल आहे, आणि त्या चित्रातले गाव कामात आहे. पीटर ब्रूगेल याने ते १५६५ साली रंगवले, आज आपण ज्याला बेल्जियम म्हणतो त्या प्रदेशात. लाकडी फळीवरचे तैलचित्र, उंची जवळपास चार फूट, रुंदी सव्वापाच फूट. ‘द हार्वेस्टर्स’ या नावाने ते जगभर ओळखले जाते आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये आहे. या पुस्तकात मी त्याला सरळ ‘कापणी’ म्हटले आहे. धर्मकथा नाही, पुराणकथा नाही, राजा नाही, लढाई नाही. एक हंगाम आणि त्या हंगामात राबणारी माणसे एवढाच विषय घेऊन इतक्या मोठ्या आकारात चित्र करण्याचे धाडस युरोपात त्याआधी फार थोड्यांनी केले होते.

चित्रासमोर आले की आधी डोळ्यांत भरतो तो पिवळा रंग. पिकलेल्या गव्हाचा एक जाड, सलग पट्टा डावीकडून आत शिरतो आणि अर्धे चित्र व्यापतो. उजवीकडे एक उंच नासपतीचे झाड आहे; त्याचा शेंडा चौकटीबाहेर गेला आहे. झाडाखाली बायका-पुरुषांचा एक घोळका जेवायला बसला आहे. कुणी भाकरीचा तुकडा मोडत आहे, कुणी वाडग्यातले पेय तोंडाला लावले आहे. बुंध्याशी एक गडी पाय फाकून उताणा झोपला आहे. डावीकडे दोघे लांब दांड्याचे विळे चालवत आहेत. गव्हातून काढलेल्या वाटेने एक माणूस पाण्याचे बुधले घेऊन वर येत आहे. त्यापलीकडे बायका पेंढ्या घेऊन उतार उतरत आहेत. मग जमीन एकदम खाली जाते. झाडांआड चर्च दिसते, हिरवळीवर खेळणारी माणसे, तळ्यात डुंबणारी माणसे, गच्च भरून चाललेली गाडी आणि शेवटी धुरकट निळसर खाडीत उभी जहाजे. आकाशात सूर्य कुठेही काढलेला नाही. तरी उन्हाची धग जाणवते, कारण दूरचे सगळे त्या धगीत विरघळल्यासारखे फिके झाले आहे.

एवढे वर्णन कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडेल. हे पुस्तक लिहावेसे वाटले ते त्यापुढच्या एका गोष्टीमुळे. गव्हाची ती पिवळी भिंत नीट पाहा. तिची कड सरळ आहे, कोपरे काटकोनात आहेत. पीक असे उगवत नाही. ती कड विळ्याने तयार झाली आहे. जिथवर कापणारे पोचले तिथवर जमीन उघडी, जिथे अजून पोचायचे आहे तिथे गहू उभा. मधली वाटही कुणी आखलेली पायवाट नाही. पिकातून कापत नेलेली पात आहे. म्हणजे आपली नजर ज्या रस्त्याने चित्रात खोल शिरते, तो रस्ता त्या सकाळी मजुरांनी मोकळा केला आहे. चित्राची मांडणी, ज्याला चित्रकलेच्या वर्गात रचना म्हणतात, ती इथे कापणीनेच कोरली आहे. आणखी दोन तासांनी हे चित्र काढले असते तर भिंत मागे सरकली असती आणि देखावा वेगळा झाला असता. आपण पाहणारेही कापून मोकळ्या झालेल्या खुंटांवरच उभे आहोत. काम झाले नसते तर आपल्याला उभे राहायला जागा नव्हती आणि समोर गव्हाखेरीज काही दिसले नसते.

या पुस्तकाचे म्हणणे हेच. गावाचा निसर्ग आणि गावाचे श्रम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. शेताची कड, बांध, पाणंद, गायरान, तळे, गावाभोवतीची झाडे यांतले बहुतेक सगळे कुणाच्या तरी हातांनी घडलेले असते. ‘सुंदर देखावा’ म्हणून आपण जे पाहतो ते पिढ्यान् पिढ्यांच्या मेहनतीचे दृश्य रूप असते. ब्रूगेलने हे तत्त्व म्हणून कुठे लिहिले नाही. त्याचे एकही मोठे लिखाण आपल्या हाती नाही. पण त्याने ते असे रंगवले की मजूर चित्रातून काढून टाकले तर निसर्गही उरत नाही.

त्या गव्हाची उंचीही लक्षात घेण्यासारखी आहे. वाटेने येणारा माणूस दोन्ही बाजूंच्या पिकात जवळजवळ बुडाला आहे. आजचा गहू पाहिलेल्याला हे चित्रकाराने वाढवून सांगितलेले वाटेल. पण जुने गव्हाचे वाण खरोखरच असे उंच असत. गहू बुटका झाला तो विसाव्या शतकात. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेले बुटके वाण १९६०च्या दशकात भारतात आले, त्यांतून ‘कल्याण सोना’ आणि ‘सोनालिका’ पुढे आले आणि दाणा वाढला, काड आखूड झाला. खताने जड झालेली ओंबी उंच काडाला पेलत नाही, पीक लोळते. म्हणून बुटकेपणा हवा होता. ब्रूगेलच्या काळात मात्र काडालाही दाण्यासारखीच किंमत होती. तो छपराला लागे, गुरांच्या खाली अंथरायला लागे, गादीत भरायला लागे. म्हणून चित्रातल्या पेंढ्या उंच आणि निगुतीने बांधलेल्या आहेत, आणि जेवणाऱ्यांनी त्यांचीच बैठक केली आहे. ताटल्या-वाडग्यांत जे आहे ते बहुधा मागच्या सुगीचे अन्न. ते खाताना खाली आहे ती या सुगीची रास. वर्षाचे चक्र एका जेवणाच्या पंगतीत मावले आहे.

झाडाखाली झोपलेल्या त्या गड्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. काहींना त्यात आळसाची निंदा दिसली. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण ब्रूगेलच्याच दुसऱ्या एका चित्रात आहे. दोन वर्षांनी, १५६७ साली, त्याने ऐतखाऊंच्या काल्पनिक देशाचे चित्र काढले. ते आज म्युनिकला आहे. तिथेही एका झाडाखाली माणसे लोळत पडली आहेत: एक शेतकरी, एक शिपाई, एक पढिक. त्यांची पोटे फुगलेली आहेत आणि भाजलेले पक्षी, अंडी, डुकरे आपणहून त्यांच्याकडे चालत येत आहेत. तिथली झोप खाऊन आलेली सुस्ती आहे. ‘कापणी’तला गडी पहाटेपासून राबून आडवा झाला आहे, त्याच्या शेजारी खाणारे खात आहेत आणि पलीकडे कापणारे कापत आहेत. काम पाळीपाळीने चालले आहे. हे उठतील तेव्हा ते येऊन बसतील. विसावा हाही कामाचाच भाग आहे, हे शेतात राबलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ब्रूगेलने त्या झोपेला चित्राच्या अग्रभागी, थेट आपल्या पायांशी जागा दिली, हा त्याने त्या श्रमांचा केलेला मान आहे असे मी समजतो.

हा मान किती नवा होता हे कळायला दीडशे वर्षे मागे जावे लागते. युरोपात धनिकांसाठी प्रार्थनेच्या पोथ्या तयार होत आणि त्यांच्या सुरुवातीला बारा महिन्यांची चित्रे असत. त्यांतली सर्वांत नावाजलेली पोथी लिम्बुर्ग बंधूंनी ड्यूक ऑफ बेरीसाठी सुमारे १४११ ते १४१६ या काळात सजवली. तिच्यातले ऑगस्टचे पान पाहण्यासारखे आहे. पुढे भरजरी कपड्यांतले सरदार आणि त्यांच्या स्त्रिया घोड्यांवरून, हातावर ससाणे घेऊन शिकारीला निघाल्या आहेत. त्यांच्या मागे, लहान आकारात, शेतकरी पीक कापत आहेत आणि काही जण नदीत पोहत आहेत. सगळ्यांच्या वर किल्ला. ब्रूगेलच्या ‘कापणी’त तेच घटक जवळपास सगळे आहेत: पीक, पेंढ्या, पोहणारे. पण सरदार नाहीत आणि माथ्यावर किल्ल्याचा दरारा नाही. मागे होते ते पुढे आले आहेत. एका पोथीच्या पानावरून एका मोठ्या फळीवर येताना शेतकऱ्याने चित्रातली जागा बदलली, आणि एवढ्या बदलाला दीड शतक लागले.

निसर्गचित्राची वाटही त्याच सुमारास मोकळी होत होती. अँटवर्पमध्ये योआखिम पातिनिर नावाचा चित्रकार उंचावरून दिसणारे विशाल प्रदेश रंगवत असे. खडक, नद्या, गावे, समुद्र, सगळे एका दृष्टिक्षेपात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युरर १५२०-२१ मध्ये तिकडे गेला तेव्हा त्याने आपल्या रोजनिशीत पातिनिरची निसर्गचित्रकार म्हणून वाखाणणी केली. तरीही पातिनिरच्या चित्रात कुठे ना कुठे एखादा संत किंवा बायबलमधला प्रसंग लागायचा. निसर्ग पाहायला त्या काळी निमित्त लागे. ब्रूगेलने ‘कापणी’त ते निमित्त काढून टाकले आणि त्या जागी काम ठेवले.

हा माणूस स्वतः शेतकरी होता का? त्याच्या मृत्यूनंतर सुमारे ३५ वर्षांनी, १६०४ साली, कारेल फान मांडर याने नेदरलँड्समधल्या चित्रकारांची चरित्रे लिहिली. त्यात ब्रूगेल खेडुतांचा वेश करून एका मित्राबरोबर गावच्या लग्नांना जाई, अशी गोष्ट आहे. तीवरून त्याला ‘शेतकरी ब्रूगेल’ हे नाव चिकटले. प्रत्यक्षात तो शहरात वावरणारा, जाणत्या माणसांत ऊठबस असणारा कलावंत होता. १५५१ साली तो अँटवर्पच्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला. त्यानंतर त्याने आल्प्स ओलांडून इटलीचा लांब प्रवास केला. परत आल्यावर प्रकाशक हिरोनिमस कॉक याच्यासाठी त्याने छापील चित्रांची रेखाटने केली. त्यांत आल्प्सचे डोंगर पुन्हा पुन्हा येतात. १५६३ साली लग्न करून तो ब्रसेल्सला स्थायिक झाला आणि १५६९ साली तिथेच वारला. नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियस त्याचा स्नेही होता. १५७० साली जगाच्या नकाशांचा पहिला आधुनिक संग्रह प्रसिद्ध करणारा तो हाच ऑर्टेलियस. ‘कापणी’तली नजर उंचावरून खाडीपर्यंत कशी पसरते आणि तरीही तळ्यातल्या पोहणाऱ्यापर्यंत कशी पोचते, हे पाहताना या मैत्रीची आठवण ठेवावी. प्रदेश एकाच वेळी सबंध आणि तपशिलात पाहण्याची विद्या त्या काळी अँटवर्पमध्ये घडत होती.

चित्र ज्याच्यासाठी काढले त्याची कथा वेगळ्या प्रकरणात सविस्तर येईल. इथे तिचा सांगाडा देतो. निकोलास योंगेलिंक हा अँटवर्पचा श्रीमंत व्यापारी. अँटवर्पची वस्ती तेव्हा लाखाच्या घरात होती आणि उत्तर युरोपचा व्यापार तिथून चाले. शहराबाहेरच्या आपल्या घरासाठी योंगेलिंकने ब्रूगेलकडून वर्षाच्या महिन्यांची मालिका करून घेतली. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती सहा चित्रांची होती, दर चित्राला साधारण दोन महिने. त्यांतली पाच आज उरली आहेत. बर्फातून परतणारे शिकारी, वादळी काळवंडलेला दिवस आणि डोंगरावरून घरी येणारी गुरे ही तीन व्हिएन्नाला आहेत. गवतकापणीचे चित्र प्रागच्या लोबकोविच राजवाड्यात आहे. ‘कापणी’ न्यूयॉर्कला. वसंताचे सहावे चित्र हरवले.

फेब्रुवारी १५६६ मध्ये, म्हणजे रंग वाळून वर्षही झाले नव्हते तेव्हा, योंगेलिंकने दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या १६,००० गिल्डरच्या देण्यासाठी जामीन म्हणून आपल्याकडची ब्रूगेलची १६ चित्रे गहाण ठेवली. ही मालिकाही त्यात होती. १५९४ साली अँटवर्प शहराने ती नेदरलँड्सचा कारभार पाहायला आलेल्या आर्चड्यूक अर्न्स्टला भेट दिली. तिथून ती हाब्सबुर्ग घराण्याच्या संग्रहात गेली. नेपोलियनच्या सैन्याने १८०९ साली व्हिएन्ना घेतली त्या धामधुमीत ‘कापणी’ पॅरिसला पोचले, आणि १९१९ साली मेट्रोपॉलिटन म्यूझियमने ते विकत घेतले. शेतमजुरांच्या एका दुपारचे हे चित्र तारण, नजराणा, लूट आणि खरेदी या सगळ्यांतून गेले आहे.

त्या वर्षीचा गहूही साधा नव्हता. १५६४-६५चा हिवाळा अतिशय कडक गेला. युरोप तेव्हा थंडीच्या दीर्घ कालखंडातून जात होता. इतिहासकार त्याला ‘लघु हिमयुग’ म्हणतात. त्यातच डेन्मार्क आणि स्वीडन यांच्या युद्धामुळे १५६५ साली बाल्टिक समुद्राकडून येणाऱ्या धान्याची वाट अडली. नेदरलँड्सची दाट वस्तीची शहरे त्या धान्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होती. पुढच्या हिवाळ्यात भाव कडाडले, लोक उपाशी राहिले. १५६६च्या उन्हाळ्यात धार्मिक असंतोषाचा भडका उडून चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे फोडली गेली आणि १५६७ साली स्पेनच्या राजाने ड्यूक ऑफ आल्बाला सैन्यासह ब्रसेल्सला धाडले. हे सगळे ‘कापणी’त दिसते असा दावा मी करणार नाही. चित्रात कुठेही भूक नाही, शिपाई नाही. पण गव्हाच्या त्या जाड भिंतीकडे १५६५ सालच्या अँटवर्पकराच्या डोळ्यांनी पाहिले, तर ती नुसती रंगाची राहत नाही. ज्या शहराची भाकरी समुद्रावरच्या अडथळ्यावर टांगली होती, त्या शहराबाहेरच्या एका घराच्या भिंतीवर तो गहू उभा होता.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. हे चित्र राबणाऱ्यांच्या घरात कधी लागले नाही. ते एका धनिकाने घेतले, त्याच्या पाहुण्यांनी पाहिले. गाव त्यात भरल्या पोटी आहे. जमिनीचा खंड कुणाला जातो, हे चित्र सांगत नाही. त्या काळी धान्याचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची पद्धत युरोपभर होती; चित्रातले चर्च मात्र झाडांआड शांत उभे आहे. मग हेही दिनदर्शिकेवरचेच गाव का म्हणू नये? माझे उत्तर असे की चित्र सगळे सांगत नसले तरी जे सांगते ते खरे सांगते. कापणाऱ्याच्या पाठीचा बाक, विळा फिरवताना दोन पायांत घेतलेले अंतर, पेंढ्यांचे ओझे घेऊन उतरणारी पावले, जेवताना सैल सुटलेली शरीरे यांत चित्रकाराने कुठेही फसवेगिरी केलेली नाही. ही माणसे कुणाकडे पाहून हसत नाहीत आणि कुणाची कीव मागत नाहीत. बहुतेकांना आपण पाहतो आहोत याची खबरही नाही. योंगेलिंकच्या पाहुण्यांना जेवता जेवता या जेवणाऱ्यांकडे पाहावे लागले असेल, तर त्या दोन पंगतींतले नाते त्यांच्या लक्षात येण्याची निदान सोय ब्रूगेलने करून ठेवली. चित्रकाराच्या हाती याहून जास्त फारसे नसते, आणि इतके करणारेही थोडेच.

पुस्तकाची मांडणी चित्राच्या क्रमानेच केली आहे. पहिला भाग पुढच्या जमिनीचा: विळा, पेंढी, अन्न, झोप. दुसरा मधल्या उताराचा: वाट, गाडी, चर्च, तळे, खेळ. तिसरा दूरच्या खाडीचा: व्यापार, धान्य, युद्ध, आणि तिथून चित्राचा स्वतःचा प्रवास. मालिकेतल्या बाकीच्या चार चित्रांना शेवटी जागा दिली आहे, कारण ‘कापणी’ हा एका वर्षाचा तुकडा आहे आणि वर्षाबाहेर त्याचा अर्थ अपुरा राहतो. चित्रकलेच्या परिभाषेचा उपयोग जिथे तिच्याविना चालत नव्हते तिथेच केला आहे.

या चित्रावर इंग्रजी, जर्मन, डच भाषांत ग्रंथ आहेत. तरीही मराठीत लिहिण्याची मला निकड वाटली, कारण हे चित्र वाचायला लागणारे ज्ञान आपल्याकडे अजून जिवंत माणसांच्या हातांत आहे आणि ते झपाट्याने कमी होत आहे. गव्हाच्या हंगामात आता पंजाबातून आलेली हार्वेस्टर यंत्रे आपल्या शेतांत फिरतात. एका फेरीत कापणी आणि मळणी उरकतात. मजुरी वाचते, वेळ वाचतो, पाठीचे हाल वाचतात, आणि ते चांगलेच आहे. पण पात धरून दिवसभर कापलेली, काडाचाच वळ देऊन पेंढी बांधलेली, बांधावरच्या झाडाखाली भाकर खाऊन घटकाभर आडवी झालेली पिढी आता थकली आहे. अशी माणसे तुमच्या घरात, शेजारात असतील तर पुस्तकातले मोठे छायाचित्र आधी त्यांच्यापुढे ठेवा. पेंढी नीट बांधली आहे का, विळ्याचा हात बरोबर आहे का, उरलेले शेत संध्याकाळपर्यंत उरकेल का, हे त्यांना विचारा. त्यांची उत्तरे माझ्या म्हणण्याशी जुळली नाहीत, तर त्यांचे खरे माना.